हायलमच्या मागे गाठ

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी कडक थंडी, दुपारी ऊन. दूध अर्धा लिटर. न्हाणीघराची कडी सैल झाली आहे. चार वाजता कॉलेजच्या म्युझियममधली नवी क्युरेटर आली. तिशीच्या आतली, केस कापलेले, बोलणं भरभर. बरण्यांमधलं फॉर्मलिन आटलं आहे, नमुने उघडे पडलेत, जुन्या पद्धतीने बरणी भरणारं कुणी उरलं नाही, म्हणून माझा पत्ता शोधून काढला. विचारलं, दोनशे बारा नंबर आहे का? म्हणाली, आहे, वरच्या कपाटात, लेबल भिंतीकडे करून ठेवलेली. नव्या दालनाला भिंगसाहेबांचं नाव देणार आहेत. ते स्वतः येणार. मी हो म्हटलं.

शेवटचं वाक्य लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं की मागच्या पानावर वळ उठला. शिवणबाईंनी टिपकागद ठेवला, वही मिटली आणि कितीतरी दिवसांनी एकट्याच हसल्या. ते हसू कुणी पाहिलं असतं, तर आजी किती गोड हसतात, असं काही म्हणालं नसतं.

शिवणबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते कॉलेजात पडलेलं. त्यांनी आयुष्यात झंपर शिवला नाही, फाटलेली उशीसुद्धा यजमानच टाचून द्यायचे. त्या शिवायच्या मूत्रपिंडं, फुप्फुसं आणि प्लीहा. चोविसाव्या वर्षी शरीरशास्त्राच्या म्युझियममध्ये नोकरीला लागल्या, त्या अक्षर चांगलं म्हणून, लेबलं लिहायला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पट्टी मारून मारून घोटून घेतलेलं अक्षर होतं ते. मग एक दिवस बरण्या भरणारा माणूस आजारी पडला, बाईंनी सुई हातात घेतली, आणि ती वीस वर्षं खाली ठेवली नाही.

काम दिसायला सोपं. फॉर्मलिनमध्ये मुरून राखाडी, घट्ट झालेला अवयव घ्यायचा. पांढऱ्या तागाच्या दोऱ्याने तो काचेच्या कांडीला टांगायचा. कांडी बरणीच्या काठावर आडवी बसवायची, ताजं फॉर्मलिन ओतायचं, झाकण मेणाने बंद करायचं. खरी अक्कल दोऱ्यात. दोरा दिसता कामा नये, अवयव फिरता कामा नये, आणि सुईचं भोक तर मुळीच दिसता कामा नये.

त्यासाठी थोरल्या सरांनी, म्हणजे तेव्हाच्या विभागप्रमुखांनी, त्यांना पहिल्याच आठवड्यात एक शब्द दिला. तळहातावर मूत्रपिंड ठेवून ते म्हणाले, "ही आतल्या बाजूची खाच दिसते? हिला हायलम म्हणायचं. हे दार आहे. रक्त आत जातं ते इथून, बाहेर येतं ते इथून, लघवीची नळी निघते तीही इथून. बाकी सगळीकडून भिंत. फुप्फुसालाही असं दार असतं, प्लीहेलाही. सुई घालायची तर दारातून घाला, भिंतीला भोक पाडू नका."

"आणि सर, डावं-उजवं कसं ओळखायचं?"

"मूत्रपिंडाचं दार नेहमी पाठीच्या कण्याकडे तोंड करून असतं. समोरून बघताना डाव्या मूत्रपिंडाचा हायलम तुमच्या डाव्या हाताला येणार. आणि दारात ओळ ठरलेली. पुढे शीर, मध्ये धमनी, सगळ्यांत मागे मूत्रवाहिनी. ओळ उलटी दिसली तर समजा, तुम्ही मागून बघताय."

पुस्तकांत कुणी त्याला नाभी लिहितं, कुणी नाभिका. बरणीवर मात्र हायलमच लिहायचं, असा थोरल्या सरांचा दंडक होता.

गाठ मात्र बाईंची स्वतःची. म्हणजे यजमानांची. ते पुस्तकं बांधायचे, घरातल्या मधल्या खोलीत बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचा त्यांचा लोखंडी दाब होता, सरसाचा वास भिंतींत मुरलेला होता. बाईंच्या रोजनिशीची प्रत्येक वही त्यांनीच बांधलेली. फर्मे, म्हणजे घडी घातलेले कागदांचे जुडगे, शिवताना ते जी गाठ मारायचे ती दोन वेढ्यांची, चपटी, कागदाला फुगवटा येऊ न देणारी. तीच बाईंनी उचलली. हायलमच्या मागच्या ओठावर, मूत्रवाहिनीच्या आड ती बसवायची आणि शेपूट टाचणीच्या डोक्याएवढं ठेवून कापायचं. समोरून बघणाऱ्याला अवयव पाण्यात आपोआप तरंगतोय असं वाटावं. त्या वीस वर्षांत भरलेल्या चारशे सहा बरण्यांत त्यांची गाठ पुढे आलेली एकही नव्हती.

थोरले सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी भिंगसाहेब आले. उंच, गोरे, आवाजात मध. गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग सदानकदा लोंबत असायचं. कुणाचंही बोलणं ऐकताना ते भिंग हातात घेऊन फिरवायचे, त्यामुळे समोरच्याला आपण किडा झालो आहोत असं वाटायचं. एकदा बाईंसमोरच ती दोरी तुटली. साहेबांनी तिथल्या तिथे गाठ मारली. एक मारली, ओढून बघितली, विश्वास बसेना म्हणून तिच्यावर दुसरी, आणि त्यावर तिसरी. द्राक्षाच्या वाळक्या घडासारखा तो गठ्ठा बघून बाईंना हसू आवरेना. त्या दिवशीच्या नोंदीत त्यांनी लिहिलं: साहेबांना एका गाठीचा भरवसा नाही. तीन मारतात. गवार आणली, निबर निघाली.

ही गवारीची नोंद पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

त्यानंतर दीड वर्षाने, आजपासून एकतीस वर्षांपूर्वी, प्रात्यक्षिक परीक्षा होती. लांबलचक टेबलांवर बरण्या मांडलेल्या, प्रत्येकीसमोर प्रश्नाची चिठ्ठी. घंटा वाजली की विद्यार्थी पुढच्या बरणीशी सरकणार. दोनशे बारा नंबरच्या बरणीत बाईंनी भरलेलं डावं मूत्रपिंड. प्रश्न: कोणत्या बाजूचं, आणि हायलममध्ये पुढून मागे काय काय दिसतं?

सकाळी दारातून आत येतानाच बाईंचे पाय थबकले. हायलम उजवीकडे तोंड करून होता. समोर मूत्रवाहिनी होती, शीर मागे गेली होती. म्हणजे मूत्रपिंडाची पाठ पुढे आली होती. झाकणाच्या कडेला ताजं, पिवळं मेण होतं. बाई तर तांबडं वापरायच्या. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्या घरी गेल्या तेव्हा बरणी ठीक होती. त्यानंतर म्युझियममध्ये भिंगसाहेब होते आणि त्यांचे कोणी पाहुणे.

त्या पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात घंटा वाजली.

साठातल्या चव्वेचाळीस मुलांनी 'उजवं' लिहिलं आणि चुकली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बरणीकडे जेमतेम बघितलं आणि म्हणाले, "हे कुणी उलटं टांगलं?" मुलांनी गलका केला. दुपारी तीन वाजता प्राचार्यांच्या खोलीत बाईंना उभं केलं.

भिंगसाहेब भिंग फिरवत होते. "बाई, वीस वर्षं काम करताय. तुम्हाला डावं-उजवं कळतं का हो?"

"कळतं, साहेब. बरणी उघडा आणि गाठ बघा. माझी गाठ हायलमच्या मागे असते. ही माझी गाठ नाही."

"आता काय आम्ही गाठी मोजत बसायचं?" ते प्राचार्यांकडे वळून हसले. "परीक्षकांना परत जायचंय. सील मोडायचं म्हणजे पुन्हा कागदपत्रं. किरकोळ गोष्ट आहे, बाई. चूक झाली म्हणा, विषय संपला."

"चूक माझी नाही."

"मग काय, मूत्रपिंड रात्रीत कूस बदलून झोपलं?"

सगळे हसले. परीक्षकसुद्धा हसले. त्या हसण्यावर निकाल लागला. म्युझियमच्या रजिस्टरात भिंगसाहेबांनी आपल्या हाताने शेरा लिहिला, बाईंच्या पूर्ण नावासकट: 'नमुना २१२ उलटा टांगलेला आढळला. टांगणारीस डावे-उजवे समजत नाही. अन्यत्र बदली करावी.' खाली झोकदार सही. ते रजिस्टर कायमचं; त्यातलं पान फाडता येत नाही, ओळ खोडायची तर लिहिणाऱ्यानेच सही करून खोडायची, असा नियम.

महिन्याभरात कॉलेजभर त्यांचं नाव झालं उलटबाई. जिन्यात भेटणारा शिपाई म्हणे, "उलटबाई, खाली जाताय की वर?" कॅन्टीनवाला कप उपडा ठेवून म्हणे, "तुमच्यासाठी सरळ ठेवलाय." चेष्टा करणाऱ्यांना त्यात वाईट काही वाटत नसे. चार दिवसांची गंमत म्हणून सुरू झालेलं ते नाव तेरा वर्षं टिकलं.

बदली झाली ती मागच्या इमारतीत, वनस्पतिशास्त्राच्या बियांच्या खोलीत. तिथे बीकाका होते, डुलक्या घेणारे, प्रेमळ. त्यांनी एक पुठ्ठा पुढे केला. "या. माणसांचं बघून झालं, आता चवळीचं बघा. बी डिंकाने चिकटवायची, हायलम वर ठेवून."

बाई दचकल्या. "काय वर ठेवून?"

"हायलम हो. हा चवळीचा काळा डोळा बघा. घेवड्याला बघा, मधोमध पांढरा ओरखडा. शेंगेत असताना बी इथे देठाने जोडलेली असते. इथूनच तिला खायला-प्यायला मिळतं. पिकली की तुटते, आणि तुटल्या जागी हा वण राहतो. बी कितीही धुवा, जात नाही."

बाईंनी घेवड्याची बी उचलून उन्हात धरली. आकार हुबेहूब मूत्रपिंडाचा, खाच तिथेच. पण त्या राखाडी मूत्रपिंडात दार होतं, ये-जा होती; इथे दार कधीच लिंपून टाकलं होतं आणि नुसती खूण उरली होती. त्या दिवशीच्या वहीत त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढली आणि खाली लिहिलं: शब्द एकच. तिकडे जोडलेलं असताना म्हणतात, इकडे तुटल्यावर. माझी बदली झाली ते बरोबर खोलीत झाली.

म्युझियम त्यांना परत मिळालं नाही. बरणी उघडून पाहावी असे तीन अर्ज त्यांनी केले. उत्तर एकाचंही नाही. बरणी परीक्षेतून काढून वरच्या कपाटात गेली. फेकता येत नव्हती, कारण रजिस्टरात नोंदलेला माणसाचा अवयव असा टाकता येत नाही. बाईंना हे माहीत होतं. साहेबांनाही माहीत होतं. कपाटाची किल्ली मात्र साहेबांकडे होती.

घरी यजमान म्हणायचे, "अगं, सोड आता."

"सुटत नाही."

"गाठ तशीच शिकवली मी तुला. माझाच दोष." आणि ते वही बांधायला घ्यायचे.

नऊ वर्षांपूर्वी ते गेले. बाईंनी त्यांचा दाब विकला नाही, सुया विकल्या नाहीत, आणि मनातला डूखही सोडला नाही. लोक म्हणतात वय झालं की माणूस निवळतं. बाई निवळल्या, पण खाली जो गाळ बसला तो चांगला चार बोटं होता.

नव्या क्युरेटरने कपाट उघडलं तेव्हा बाई स्टुलाशी उभ्या होत्या. मुलीने दोनशे बारा खाली आणली. काच धुरकट, फॉर्मलिन अर्ध्यावर, चहासारखं पिवळं. मूत्रपिंडाचा वरचा भाग कोरडा पडून सुरकुतलेला. बाईंनी ओल्या फडक्याने काच पुसली. हायलमच्या आपल्याकडे आलेल्या ओठावर, अगदी समोर, तो वाळक्या द्राक्षांचा घड लोंबत होता. एक, दोन, तीन.

"आजी, हीच आधी भरूया का? हिची अवस्था सगळ्यांत वाईट आहे."

"हिला हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. मग आवाज मऊ केला. "ही शेवटी, बाळ. कार्यक्रमात. भाषणांनी लोक पेंगतात. सगळ्यांसमोर एक बरणी भरून दाखवू, जुन्या पद्धतीने. साहेबांच्या काळातली बरणी आहे, त्यांनाही बरं वाटेल."

"भारी! मी त्यांच्या मुलीला सांगते, त्यांना पुढच्या रांगेत बसवायला."

"अगदी पुढे बसव. आणि जुनं रजिस्टरही टेबलावर ठेव. शोभेला."

मुलगी खुशीत नाचत गेली. बाईंच्या मनात आलं, हिला सांगावं. हिने आपल्याला शोधलं, बस सोडून चालत उन्हातून घरी आली, आणि आपण हिलाच अंधारात ठेवतोय. मग वाटलं, सांगितलं तर ही आधी साहेबांना फोन करील. चांगल्या वळणाची आहे, करणारच.  पुढचे अठरा दिवस त्यांनी मुलीबरोबर सत्तावीस बरण्या भरल्या, तिला गाठ शिकवली, तिच्या डब्यातलं खाल्लं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

कार्यक्रम मार्चच्या तीन तारखेला होता, सकाळी अकराला. पन्नासेक खुर्च्या. भिंगसाहेब आले ते लेकीचा हात धरून, पण ताठ. चौऱ्याऐंशी वर्षांचे, केस चांदीसारखे, आवाजात अजून मध. गळ्यात भिंग. बाईंनी सगळ्यांत आधी दोरी बघितली. दोरी नवी होती, निळी. मानेपाशी, कॉलरच्या बाजूला, गाठ होती, एकावर एक तीन. बाईंचा श्वास मोकळा झाला. माणूस बदलला असता तर पंचाईत होती.

भाषणं झाली. साहेबांनी विज्ञानात प्रामाणिकपणा किती महत्त्वाचा, यावर दहा मिनिटं सुंदर सांगितलं. मग क्युरेटर म्हणाली, "आता आपल्या म्युझियमच्या सर्वांत जुन्या कर्मचारी आपल्याला बरणी भरून दाखवणार आहेत."

बाई पुढे आल्या. साहेबांनी डोळे बारीक केले. "आपण... थांबा हं. चेहरा ओळखीचा आहे." मग एकदम त्यांचा चेहरा फुलला. "अहो, उलटबाई! किती वर्षांनी!" आणि मागे वळून लोकांना म्हणाले, "यांना आम्ही उलटबाई म्हणायचो. फार गंमत झाली होती एकदा."

लोक कौतुकाने हसले. बाईही हसल्या. त्या हसण्याने त्यांचा उरलासुरला संकोच गेला.

त्यांनी गरम सुरीने मेण कापलं. झाकण उचललं तसा फॉर्मलिनचा भपका आला. पहिल्या रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावले. काचेची कांडी वर उचलून त्यांनी मूत्रपिंड पांढऱ्या ताटलीवर ठेवलं, जसं टांगलेलं होतं तसंच, दोऱ्यासकट.

"साहेब, माझे डोळे अधू झालेत. तुमच्याकडे भिंग आहे. हायलमपाशी गाठ कशी आहे ते जरा बघून सांगाल? सोडवायच्या आधी कळलेलं बरं."

साहेबांना असं विचारलेलं आवडलं. ते उठले, ताटलीवर वाकले. भिंग डोळ्याशी धरलं. निळी दोरी ताणली गेली आणि तिची गाठ कॉलरमधून सरकून बरोबर ताटलीच्या वर आली. लेक त्यांचा दंड धरून शेजारीच वाकली होती.

"अगं बाई," लेक हसत म्हणाली, "बाबा, ही तर तुमची गाठ! एकावर एक तीन. घरात पडद्यांना हीच, चपलेला हीच, माझ्या शाळेच्या डब्याच्या पिशवीलाही हीच. सोडवता सोडवता नखं तुटली माझी."

कुणीतरी हसलं. मग हसणारा थांबला, कारण साहेब हसत नव्हते. ते तसेच गाठीवर वाकलेले होते.

बाईंनी पिशवीतून दोन वह्या काढल्या. खुणेची चिठ्ठी होती तिथे उघडल्या. आवाज चढवला नाही; कॉन्व्हेंटमध्ये धडा वाचायच्या तसं वाचलं. एक नोंद गवारीची. दुसरी परीक्षेच्या दिवसाची: पिवळं मेण, हायलम उजवीकडे, गाठ पुढे, प्राचार्यांच्या खोलीत कोण काय म्हणालं ते सगळं. 'मूत्रपिंड कूस बदलून झोपलं?' हेही वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"बाबा?" लेक म्हणाली.

साहेब खुर्चीत बसले.  "पाहुणे आले होते. त्यांना हातात घेऊन बघायचं होतं. दोरा तुटला. दुसऱ्या दिवशी परीक्षा... मी घाबरलो होतो."

"मीही घाबरले होते," बाई म्हणाल्या. "मला कुणी बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती."

"अहो, पण एकतीस वर्षं झाली. इतक्या किरकोळ गोष्टीसाठी..."

"किरकोळच. सिस्टरांनी आम्हाला दोन वर्षं लॅटिन शिकवलं होतं, साहेब. हायलमचा मूळ अर्थ तोच. एवढीशी, क्षुल्लक गोष्ट. हा शब्द मूत्रपिंडाला लागला नव्हता, बीला लागला नव्हता, तेव्हाचा तो अर्थ. तेवढीशीच मागते आहे." त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "शेरा तुमच्या हातचा आहे. तुम्हीच खोडा. आणि बरणी कुणी उलटी टांगली ते लिहा."

साहेबांनी पेन घेतलं.  कोऱ्या ओळीवर त्यांनी लिहिलं, 'नमुना २१२ मी उघडला व उलटा टांगला. त्याचा ठपका...' आणि पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं.

"काय झालं?"

"तुमचं नाव," ते हलक्या आवाजात म्हणाले. "नाव काय तुमचं?"

 क्युरेटर घाईने सांगायला पुढे झाली. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"रजिस्टरमध्येच आहे, साहेब. तुमच्याच अक्षरात. शोधा."

लेक म्हणाली, "अहो, वयाचा तरी विचार करा."

"करतेय. माझंही शहात्तर आहे."

साहेब पानं उलटू लागले. जुनी, चिकटलेली पानं. एकेक ओळीवर भिंग धरून ते पुढे जात होते, मागे येत होते. पन्नास माणसं बघत होती. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. बाईंनी ती चारही मिनिटं खुर्ची न घेता उभ्याने मोजली. कुणीतरी खोकलं. कुणीतरी उठून बाहेर गेलं. पाचव्या मिनिटाला साहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी नाव वाचलं, ओठ हलवून, आणि मग अर्धवट राहिलेल्या ओळीवर परत येऊन ती पूर्ण केली. जुना शेरा खोडला. सही केली. झोकदार नव्हती.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

 बाईंनी तीन गाठी कात्रीने कापल्या, सोडवल्या नाहीत. मूत्रपिंड फिरवलं. शीर पुढे, धमनी मध्ये, मूत्रवाहिनी मागे. हायलम डावीकडे. सुई दारातून आत घातली, मागे दोन वेढ्यांची चपटी गाठ मारली, शेपूट कापलं. हात हलला नाही. बरणी भरली, झाकण लावलं, तांबडं मेण ओतलं. मग कापलेला तो गठ्ठा उचलून साहेबांसमोर टेबलावर ठेवला. "हे तुमचं."

दालनावरच्या पाटीचा पडदा कुणी ओढला, की नाही, ते बघायला त्या थांबल्या नाहीत. जिन्यात क्युरेटरने गाठलं. तिचे डोळे भरले होते, फॉर्मलिनने की कशाने, कोण जाणे.

"आजी, मला सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो."

"मी त्यांना स्वतः घरी जाऊन बोलावून आणलं."

"म्हणूनच नाही सांगितलं." बाईंनी कठडा धरला. मुलगी काहीतरी ऐकायची वाट बघत उभी होती; वाईट वाटलं, माफ कर, असं काहीतरी. बाईंना ते म्हणता आलं नाही, कारण वाईट वाटत नव्हतं. या पोरीपुरतं मात्र थोडं वाटत होतं, आणि तेवढं वेगळं काढून कसं सांगायचं ते सुचेना. "एकशे नव्वदचं मेण नीट बसलेलं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या बघून घे." आणि एकेक पायरी उतरत गेल्या.

खाली जुना शिपाई होता, आता पांढऱ्या मिशांचा. बातमी बाईंच्या आधी खाली आली होती. तो उठून उभा राहिला. "जाताय, बाई?" त्याने विचारलं. पुढचं काही जोडलं नाही.

घरी येऊन त्यांनी पाय धुतले, चहा केला, आणि यजमानांच्या दाबाशेजारच्या खुर्चीत बसल्या. गोड वाटत होतं. खोटं कशाला बोला. चार मिनिटांची ती शांतता त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून आठवली, सावकाश, गोळी चघळावी तशी. साहेबांच्या लेकीचा चेहरा मध्येच आला. तो त्यांनी बाजूला केला. पुन्हा आला. मग त्या उठल्या, कारण दोरीवरचे कपडे काढायचे राहिले होते.

संध्याकाळी वही उघडली. तारीख घातली, वार घातला. दूध अर्धा लिटर. पुढे काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला. सकाळचं सगळं रजिस्टरात लिहून झालं होतं, आणि तेही साहेबांच्याच हाताने. पुन्हा आपण कशाला लिहायचं? त्यांनी पेन टेकवलं, या वेळी न दाबता:

उशीचे दोन अभ्रे धुतले. एक वाळला, एक अजून ओला आहे.